बॉक्स गेला म्हणे!

गाडीचा गिअर हार्ड जायला लागला, की सातारा-सांगलीकडे त्याचं पहिलं निदान गॅरेजमध्ये होत नाही, टपरीवर होतं. कधीकाळी जीप चालवलेला एखादा पाव्हणा चहाचा घोट घेत सांगून टाकतो, ‘‘बॉक्स गेला बघ तुझा.’’ बॉक्स म्हणजे गिअरबॉक्स. तिथून पुढं मालकाच्या डोक्यात हजारांचे आकडे फिरायला लागतात. गाडी एक्स्चेंजला टाकावी का, इथपर्यंत घरात चर्चा होते.

बहुतेक वेळा बॉक्स गेलेला नसतो. दुखणं बॉक्सच्या बाहेर असतं. कधी क्लचमध्ये, कधी केबलमध्ये, कधी तेलात आणि कधी पायाखालच्या मॅटमध्ये. मॅटचं हसण्यावारी नेऊ नका. कंपनीच्या मॅटवर जाड रबरी मॅट, तिच्यावर कुणी भेट दिलेली तिसरी, असा थर साचला की क्लचचं पेडल तळापर्यंत जातच नाही. क्लच अर्धवट सुटतो आणि गिअर अडतो. हा दोष काढायला पाना लागत नाही, वाकावं लागतं.

त्यानंतरची परीक्षाही फुकटची आहे. इंजिन बंद करायचं, क्लच दाबायचा आणि पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स असे सगळे गिअर टाकून बघायचे. बंद इंजिनावर ते अलगद पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावरच अडत असतील, तर संशय क्लचवर. बंद इंजिनावरही लिव्हर तितकाच घट्ट असेल, तर दोष लिव्हरपासून बॉक्सपर्यंतच्या जोडणीत किंवा बॉक्सच्या आत. एवढ्या एका चाचणीनं तपासाची निम्मी वाट सरते. तरीही गाडी गॅरेजला नेण्याआधी ती करून बघणारा मालक क्वचितच भेटतो.

असं का होतं, ते समजायला आत काय चालतं ते थोडं पाहायला हवं. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटतात. बॉक्समधला इंजिनाकडचा शाफ्ट मोकळा होतो, आणि त्याचा वेग बदलला तरच पुढचा गिअर गुंतू शकतो. छोट्या गाडीत पहिल्या गिअरचं गुणोत्तर साडेतीनच्या आसपास आणि दुसऱ्याचं १.९ च्या आसपास धरा. पहिल्यात इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच वेगात दुसरा टाकायला तो शाफ्ट साधारण २१७० फेऱ्यांवर यायला हवा, आणि तेही हात लिव्हरवर असतानाच. हे काम सिंक्रो रिंग करते. ती पितळेची, आतून निमुळती कडी असते. ती गिअरच्या कोनावर आधी घासते, दोघांचा वेग एक करते आणि मगच दातांना दात भिडू देते. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी गाडीबरोबर चार पावलं धावतो, तसंच हे. पहिल्या-दुसऱ्यातला फरक सर्वांत मोठा आणि शहरात वापरही त्याचाच जास्त, म्हणून दुसऱ्या गिअरची रिंग बहुधा सगळ्यांत आधी झिजते.

सिंक्रोची ही युक्ती अमेरिकेत अर्ल थॉम्पसन यानं काढली आणि १९२८ साली कॅडिलॅक गाड्यांत ती पहिल्यांदा बाजारात आली. आपल्याकडं ती हप्त्याहप्त्यानं आली. जुन्या विलीज जीपला आणि फियाट अकराशेला पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की करकर ठरलेली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचे पुढचे चारही गिअर सिंक्रोचे, त्यामुळं नव्या ड्रायव्हरांना गिअरचं वेगळं शिक्षण घ्यावं लागलं नाही. पण जुन्या ट्रकवर आणि एसटीवर हात बसलेली माणसं अजून आहेत. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर, हा त्यांचा डबल क्लच. त्या मंडळींना आपली गाडी एकदा चालवायला द्यावी. साध्या पद्धतीनं अडणारा दुसरा गिअर डबल क्लचनं लोण्यासारखा पडत असेल, तर क्लच ठणठणीत आहे आणि सिंक्रो रिंग थकली आहे. कारण वेग जुळवण्याचं रिंगचं काम ड्रायव्हरनं पायानं करून टाकलं. मोठ्या वर्कशॉपच्या कॉम्प्युटरला हे सांगता येत नाही. गिअर हार्ड जातोय हे दाखवणारा सेन्सर साध्या मॅन्युअल गाडीत नसतोच.

गाडी कुठं चालते, यावर ती कशानं आजारी पडणार हे बरंचसं ठरतं. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या दोन गाड्या घ्या. एक साताऱ्यात ठेवा, एक सांगलीत. दहा वर्षांनी दोन्हींचे गिअर हार्ड झाले असतील, पण कारण एक असेलच असं नाही.

सातारा जिल्हा चढ-उताराचा आहे. पुण्याहून येताना खंबाटकी, वाईहून पाचगणीला पसरणी, शहराच्या डोक्यावर कासला जाणारा यवतेश्वर, मेढ्याकडून महाबळेश्वरला केळघर, पुढं पोलादपूरला उतरणारा आंबेनळी, पाटणकडून चिपळूणला जाणारा कुंभार्ली. सुटीच्या रविवारी पसरणीत गाड्यांची रांग लागते आणि पर्यटकांचं हाफ क्लच सुरू होतं. हँडब्रेक न ओढता, क्लच अर्धा धरून, रेस देत चढावर गाडी तोलून धरायची. दहा मिनिटांत जळक्या वासानं काचा वर कराव्या लागतात.

इथं एक गल्लत नेहमी होते. ‘क्लच गेला’ असं आपण दोन उलट्या गोष्टींना म्हणतो. प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही. त्यात गिअर मात्र सहसा व्यवस्थित पडतात. गिअर अडतात ते क्लच सुटत नसेल तर. उष्णतेनं प्लेट वाकडी झाली, प्रेशर प्लेटची बोटं झिजली किंवा शाफ्टच्या खाचांवर प्लेट अडकून सरकेनाशी झाली, की पेडल दाबूनही ती इंजिनाच्या फ्लायव्हीलला चाटत राहते. शाफ्ट फिरत राहतो आणि दात बसत नाहीत. ओळखायची रीत सोपी आहे. सपाट जागी, इंजिन आयडलवर, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळं तो खोटं बोलत नाही. गप पडला तर क्लच सुटतोय. करकरला तर क्लच सुटत नाही.

घाटातलं दुसरं दुखणं हायड्रॉलिक क्लचच्या गाड्यांचं. यात पेडलचा जोर केबल नेत नाही, ब्रेक ऑइल नेतं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ दर्जाचं नवं तेल २०५ अंश सेल्सिअसच्या वर उकळतं. पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. बदलतं कोण? पातळी उतरली की वरून थोडं ओततात. मग चढावर बोनेटखाली सगळं तापलं की नळीत बुडबुडे होतात, पेडल मऊ पडतं, गिअर अडतो आणि वर पोचून अर्धा तास थांबलं की सगळं जाग्यावर येतं. मालक म्हणतो, ‘‘महाबळेश्वरात गेल्यावर बरी होती.’’ बरी नव्हती, निवली होती. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लच दोघांचं तेल एकाच डबीत असतं आणि क्लचकडं जाणारी नळी डबीत वरच्या अंगाला असते. तेल गळून पातळी उतरली तर आधी क्लच बंद पडावा आणि ब्रेक शाबूत राहावा, अशी ही योजना आहे. त्यामुळं अचानक क्लच मऊ पडणं ही कधी कधी ब्रेकचीही सूचना असते, आणि ती घेऊन आंबेनळी उतरू नये.

उताराचं पाप वेगळं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची सवय या भागात अजून गेलेली नाही. इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजिनाचं इंधन बंदच होतं, म्हणजे न्यूट्रलमध्ये वाचत काही नाही, उलट आयडलचं पेट्रोल जळतं. आणि वळण आल्यावर साठच्या वेगात घाईनं दुसरा कोंबला जातो. न्यूट्रलमध्ये आठशे-हजार फेऱ्यांवर रेंगाळणारा शाफ्ट क्षणात चार हजारांच्या घरात ओढायची जबाबदारी त्या पितळी कडीवर पडते. असे हजार उतार झाले की रिंग संपते. घाटात ज्या गिअरनं चढू त्याच गिअरनं उतरायचं, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत ब्रेकसाठी होती. ती बॉक्सच्याही कामाची आहे.

थंडीचा प्रकार मात्र बहुधा निरुपद्रवी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकडं दव गोठतं, त्या दिवसांत सकाळचा पहिला-दुसरा गिअर घट्ट जाणारच. थंड तेल दाट असतं आणि रिंगेला आपलं काम करायला वेळ लागतो. दोन-चार किलोमीटरनंतर सुटला तर चिंता नको. पण तेल कोणतं आहे, हे विचारा. आपल्याकडं गिअर ऑइल म्हणजे ‘नव्वद नंबर’ हे समीकरण जीप-ट्रॅक्टरच्या काळापासून पक्कं आहे. आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना ७५डब्ल्यू-८० किंवा तशाच पातळ तेलाची गरज असते, आणि दर्जाही बघावा लागतो. जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतली गंधकयुक्त रसायनं पितळेला मानवत नाहीत आणि रिंगेला हवं तितकं घर्षणही मिळू देत नाहीत. तेल बदलल्यावर गिअर हार्ड झाला असेल, तर दोष शोधायला लांब जायची गरज नाही. गाडीच्या पुस्तकात ग्रेड छापलेला असतो. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत, बहुधा न उघडलेलं सापडतं.

यंत्राची समज या मुलखाला नवी नाही, हे इथं सांगायला हवं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरानं जमीन नासते असं म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी तो नांगर विकून दाखवला होता. साताऱ्याजवळ सातारा रोड या गावी धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. त्याच्या उभारणीत कर्मवीर भाऊराव पाटलांचा हात होता. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. पुढं साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना आला आणि ‘प्रिया’ स्कूटर तिथून बाहेर पडू लागली. प्रियाचा गिअर डाव्या मुठीत असायचा आणि दोन केबली तो खाली पोचवायच्या. केबल सुकली, गंजली की मूठ फिरता फिरायची नाही, आणि उपाय म्हणजे केबल काढून तेल सोडणं किंवा नवी घालणं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत लिव्हर आणि बॉक्स यांच्यामध्ये अशाच दोन केबली असतात. एक गिअरची ओळ निवडते, दुसरी गिअर टाकते. इंजिन बंद असतानाही लिव्हर घट्ट असेल, तर आधी या केबलींची टोकं बॉक्सवरून काढून लिव्हर हलवून बघावा आणि बॉक्सवरचा आडवा हात वेगळा हलवून बघावा. घट्ट कोण आहे ते लगेच कळतं. केबलच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बुश फुटलेलं असेल, तर गिअर सापडतच नाहीत, तिसऱ्याच्या जागी पहिला लागतो. बुशाची किंमत काही शेकड्यांत असते. याच बुशापायी बॉक्स खाली उतरवला गेल्याची उदाहरणं कुठल्याही प्रामाणिक मिस्त्रीला विचारा.

सांगलीत घाट नाही, पाणी आहे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तळघरातल्या आणि गल्लीतल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. इंजिन आणि सीट यांची काळजी सगळ्यांनी घेतली, गिअरबॉक्सची थोड्यांनी. बॉक्सला वर एक बारीक श्वासनळी असते, आत तापलेली हवा बाहेर जावी म्हणून. गाडी बुडाली की त्याच वाटेनं पाणी आत शिरतं. तेल दुधाळ होतं, बेअरिंगवर गंज बसतो आणि गाडी पुढची दोन वर्षं चालते, मग आवाज सुरू होतो. महिनाभर उभी राहिलेली पूरग्रस्त गाडी दुसराही तमाशा करते. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडल दाबा नाहीतर सोडा, इंजिन आणि बॉक्स सुटत नाहीत. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून स्टार्टर मारला तर ती उडी घेते, तेव्हा पुढं माणूस नको. त्यातल्या काही गाड्या धुऊन-पुसून सेकंडहँड बाजारात गेल्या. घेणाऱ्यानं गिअर ऑइलचा खालचा नट थोडा सैल करून चार थेंब बोटावर घ्यावेत. विकणारा नको म्हणाला, तर व्यवहार तिथंच थांबवावा.

उसाच्या हंगामात इस्लामपूर-आष्टा भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागं पहिल्या-दुसऱ्यात रांगावं लागतं. क्लचवरचा पाय निघतच नाही. शिवाय वस्तीवरचा चिखल गाडीखाली साचतो, केबलीची रबरी टोपणं फाटतात आणि आत माती जाते. आणखी एक गोष्ट मला या भागात जाणवते, ती हाताच्या सवयीची. ट्रॅक्टरचा गिअर बहुधा उभ्यानं, जोर लावून टाकायचा असतो. तोच हात संध्याकाळी कारच्या लिव्हरवर पडतो. कारची रिंग जोर मागत नाही, पाऊण सेकंद मागते. लिव्हर हलकेच रेटून धरला की तो आपोआप आत जातो. एरवीही लिव्हरवर हात टेकून गाडी चालवणाऱ्यांच्या बॉक्समधला, गिअर सरकवणारा फोर्क फुकट घासत राहतो.

सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या शेडमधलं एक गॅरेज आहे. तिथं एका दुपारी तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार गाडी घेऊन आले.

‘‘कवापासनं हाय?’’ मिस्त्रीनं विचारलं.

‘‘झालं की आठ-पंधरा दिवस. सकाळी झ्याक पडतोय, दुपारच्याला पडंना.’’

‘‘पेडल हार्ड हाय का लिव्हर?’’

‘‘पेडल लोळागोळा झालंय. लिव्हर हार्ड.’’

‘‘बंद करून बघितलासा?’’

‘‘बंद गाडीचा गिअर कशाला बघायचा?’’

मिस्त्री हसला नाही. इंजिन बंद करून त्यानं सगळे गिअर फिरवले, पडले. चालू करून रिव्हर्स घातला, करकरला. मग क्लच दोन-तीनदा भराभर पंप केला आणि पुन्हा रिव्हर्स. या वेळी गप गेला. ‘‘झालं,’’ तो म्हणाला. पंप केल्यावर गिअर पडतो याचा अर्थ पाइपात हवा आहे किंवा क्लचच्या सिलिंडरचं रबर दाब धरत नाही. बोनेट उघडलं तर डबीतलं तेल खुणेच्या खाली, काळपट. बॉक्सला लावलेल्या खालच्या सिलिंडरचं रबरी टोपण त्यानं बोटानं उचललं तेव्हा आतून ओल आली. नवा सिलिंडर, नवं तेल, हवा काढणं. बागायतदार बॉक्स उतरवायच्या तयारीनं पैसे घेऊन आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा संशयच जास्त होता.

शेजारच्या बाकावर मात्र एक खरोखर गेलेला बॉक्स उघडा होता. मिस्त्रीनं दुसऱ्या गिअरची रिंग कोनावर बसवून दाखवली. नवी रिंग हातानं दाबून फिरवली की कोनाला पकडते. ही गुळगुळीत फिरत होती. रिंगेच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात, तेलाचा थर कापायला. या रिंगेत त्यांची टोकं सपाट होऊन चकाकत होती. मग त्यानं रिंग आणि गिअरचे दात यांच्या मधल्या फटीत फिलर गेजची पाती सरकवली. नव्या रिंगेत ही फट एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खाली आली की रिंग बाद. इथं पातळ पातीसुद्धा अडकली. गिअर गुंतवणाऱ्या स्लीव्हच्या दातांची टोकंही बोथटलेली होती, म्हणजे करकर होत असतानाही गाडी बरेच दिवस रेटली गेली होती. एवढी एक रिंग वेळेत बदलली असती तर स्लीव्ह वाचला असता.

तेव्हा बॉक्स उतरवायची वेळ येतेच, पण ती शेवटी. ऑटोमॅटिक म्हणून एएमटी घेणाऱ्यांनीही यातून सुटलो असं समजू नये. २०१४ मध्ये सेलेरिओपासून इथं रुळलेला हा प्रकार म्हणजे तोच मॅन्युअल बॉक्स आणि तीच क्लच प्लेट, फक्त पायाऐवजी मोटर दाबते. पसरणीच्या रांगेत ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की तीही जळते.

बॉक्स उतरवायचाच ठरला तर मजुरीचा मोठा भाग उतरवण्या-चढवण्याचा असतो, हे लक्षात ठेवून त्याच खेपेला क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघून घ्यावं. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर लेथवर एक कट मारून घ्यावा. मिरज-कुपवाडच्या आणि साताऱ्याच्या एमआयडीसीच्या आसपास हे काम करणारे लेथवाले मिळतात. तेलाचा ग्रेड बिलावर लिहून घ्यावा. इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर फाटलेले असतील तर बदलावेत, नाहीतर नव्या बॉक्सलाही झटके बसतात. आणि काढलेले जुने भाग, रिंगेसकट, पिशवीत घालून मागावेत. मिस्त्री चांगला असेल तर मागायच्या आधीच ते डिकीत ठेवलेले असतात.